गॅस गिझरची ज्योत विझणे

गॅस गिझरची ज्योत विझणे हा इंधनवायूवर पाणी तापवणाऱ्या घरगुती उपकरणात नेहमी आढळणारा दोष आहे. ज्योत पेटते, काही काळ टिकते आणि आपोआप विझते. किंवा पेटवण्याची कळ सोडताच नाहीशी होते. या दोषाच्या कारणांचे चार गट पडतात: वायूचा पुरवठा, पाण्याचा दाब, ज्योत ओळखणारे सुटे भाग आणि खोलीतील हवा. पहिल्या तीन गटांतील कारणांमुळे बहुधा केवळ गैरसोय होते. चौथ्या गटातील कारण प्राणघातक ठरू शकते, कारण हवा अपुरी पडल्यावर ज्योत विझण्यापूर्वी किंवा ती न विझताच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. म्हणून ज्योत का विझते याचा शोध न घेता ती पुन्हा पुन्हा पेटवणे धोक्याचे असते. मुंबईच्या उपनगरांतील लहान स्नानगृहांच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

संज्ञा व पार्श्वभूमी

मुख्य बर्नर पेटवण्यासाठी सतत तेवत ठेवलेल्या लहान ज्योतीस पायलट ज्योत म्हणतात. थंड हवामानाच्या देशांत घर उबदार ठेवणाऱ्या गॅसभट्टीत पूर्वी अशी ज्योत असे आणि जुन्या भट्ट्यांत ती अद्याप आढळते. उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिचा परिचय हिवाळ्यात होतो. मुंबईत घर तापवण्याची आवश्यकता भासत नाही. सांताक्रूझ येथील वेधशाळेत नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून ते २२ जानेवारी १९६२ रोजीचे आहे. एरवी जानेवारीतील पहाटेही पारा त्याच्या बराच वर असतो. त्यामुळे मुंबईत वायूची ज्योत स्वयंपाकाच्या शेगडीखेरीज मुख्यतः पाणी तापवण्यासाठी वापरली जाते.

वायूवर तत्काळ पाणी तापवणारे उपकरण लंडनमधील बेंजामिन वॅडी मॉघन यांनी १८६८ मध्ये तयार केले व त्यास आइसलँडमधील उष्णोदकाच्या कारंज्यावरून ‘गीझर’ असे नाव दिले. त्या मूळ उपकरणास धूर बाहेर नेणारे धुराडे नव्हते. महाराष्ट्रातील घरांत स्नानाचे पाणी तापवण्यासाठी दीर्घकाळ चूल आणि तांब्याचा बंब वापरात होता. बंबाच्या मधल्या नळीत लाकूड किंवा कोळसा जाळला जाई. बंब पेटला की धूर दिसे आणि डोळ्यांना झोंबे, त्यामुळे दार-खिडकी उघडी ठेवण्याची सवय घराला आपोआप लागत असे. वायूच्या ज्योतीला धूर दिसत नाही. बंबाची जागा गिझरने घेतली तेव्हा धोक्याची ही दृश्य खूण नाहीशी झाली.

मुंबईच्या उपनगरांतील वापर

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आदी उपनगरांत गॅस गिझर दोन प्रकारच्या इंधनावर चालतात. पहिले इंधन म्हणजे सिलिंडरमधील द्रवरूप पेट्रोलियम वायू (एलपीजी) आणि दुसरे म्हणजे नळाने येणारा नैसर्गिक वायू (पीएनजी). मुंबईत नळाद्वारे वायू पुरवणारी महानगर गॅस लिमिटेड ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली.

दोन्ही इंधनांचे गुणधर्म भिन्न आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो व गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असल्याने हवेपेक्षा हलका असतो व छताकडे जातो. घरगुती एलपीजीचा दाब रेग्युलेटरनंतर सुमारे ३० मिलिबार, तर घरगुती पीएनजीचा सुमारे २१ मिलिबार असतो. त्यामुळे एका इंधनासाठी बनवलेला गिझर जेट व इतर भाग न बदलता दुसऱ्या इंधनावर चालवता येत नाही. एलपीजीसाठीच्या लहान घरगुती गिझरांकरिता भारतीय मानक ब्यूरोने आयएस १५५५८ हे मानक ठरवले आहे.

रचना व कार्य

गॅस गिझरमध्ये पाण्याची तांब्याची नळी, तिला जोडलेले पातळ पत्रे, खाली बर्नर आणि वायूचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या झडपा असतात. ज्योत पेटवण्याच्या पद्धतीनुसार त्याचे दोन प्रकार पडतात.

पायलट ज्योतीच्या प्रकारात कळ दाबून लहान ज्योत पेटवतात आणि ती २० ते ३० सेकंद दाबून धरतात. ज्योतीत थर्मोकपलचे टोक असते. दोन भिन्न धातू एकत्र जोडून त्यांचा सांधा तापवल्यास अल्प विद्युतदाब निर्माण होतो, हे झेबेक यांनी १८२१ मध्ये दाखवलेले तत्त्व येथे वापरलेले असते. सुमारे २० ते ३० मिलिव्होल्ट एवढ्या दाबावर एक लहान विद्युतचुंबक वायूची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की सांधा थंड होतो, चुंबक सुटतो आणि झडप बंद होते. न जळालेला वायू घरात पसरू नये, हा या योजनेचा हेतू असतो.

सेलवर चालणाऱ्या प्रकारात स्थिर पायलट ज्योत नसते. भारतीय बाजारात हाच प्रकार अधिक प्रचलित आहे. नळ उघडल्यावर वाहत्या पाण्याच्या दाबाने गिझरमधील रबरी पडदा सरकतो व विजेची कळ दाबली जाते. त्यानंतर १.५ व्होल्टच्या दोन सेलवर ठिणगी पडते आणि झडप उघडते. ज्योत लागली की नाही हे एक संवेदक ओळखतो. ज्योत न लागल्यास काही सेकंदांत वायू बंद होतो.

काही गिझरांत याशिवाय प्राणवायूची घट ओळखणारी व्यवस्था असते. तिच्यातील पायलट ज्योतीची रचनाच अशी असते की हवेतील प्राणवायू नेहमीच्या २१ टक्क्यांवरून सुमारे १८ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत थर्मोकपलपासून उचलली जाते, तो थंड होतो आणि वायू बंद पडतो. अशा गिझरची ज्योत वारंवार विझत असेल, तर उपकरण बिघडलेले नसून आपले काम करत आहे, ही शक्यता प्रथम विचारात घ्यावी लागते.

ज्योत विझण्याची कारणे

थर्मोकपल: पायलट ज्योत पेटते पण कळ सोडताच विझते, हे थर्मोकपलच्या दोषाचे ठळक लक्षण आहे. त्याच्या टोकावर काजळी बसलेली असते, टोक ज्योतीतून बाजूला सरकलेले असते, झडपेकडील जोड सैल झालेला असतो किंवा वापराने सांधा झिजलेला असतो. काजळी पुसल्याने तात्पुरता गुण येतो. परंतु काजळी धरली याचा अर्थ ज्वलन अपूर्ण होत आहे असाही होतो. त्यामुळे टोक स्वच्छ केल्यावर हवेची तपासणी टाळता येत नाही.

जेट व बर्नर: पायलटचे छिद्र अत्यंत बारीक असते. धूळ, कोळ्याचे जाळे किंवा गंज यांमुळे ते अंशतः बुजल्यास ज्योत लहान, डळमळीत व पिवळसर होते. समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत पत्र्याचे भाग लवकर गंजतात आणि पावसाळ्यात बंद राहिलेला गिझर हिवाळ्यात प्रथम पेटवताना हा दोष अधिक जाणवतो. छिद्रात सुई किंवा तार घालू नये. छिद्र रुंद झाल्यास वायू प्रमाणाबाहेर येतो.

वायूचा दाब: सिलिंडर संपत आला असता, रेग्युलेटर सदोष असता किंवा रबरी नळी दुमडलेली असता ज्योत क्षीण होते. नवा सिलिंडर जोडल्यावर नळीत हवा राहिल्यास पहिल्या प्रयत्नात ज्योत लागत नाही. सिलिंडरऐवजी पीएनजीची जोडणी घेतल्यावर जुनाच गिझर तसाच जोडल्यास कमी दाब व लहान जेट यांमुळे ज्योत टिकत नाही. शेगडीची ज्योतही त्याच वेळी मंद दिसत असेल तर दोष पुरवठ्यात आहे, असे समजण्यास आधार मिळतो.

पाण्याचा दाब: मुंबईत महापालिकेचे पाणी ठराविक वेळी येते. अनेक इमारतींत ते तळटाकीत साठवून पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे सुमारे १ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब मिळतो. वरच्या मजल्यावरील शॉवर टाकीच्या तळापासून जेमतेम २ मीटर खाली असल्यास हा दाब सुमारे ०.२ एवढाच राहतो, आणि लहान गिझरांना लागणारा किमान दाब साधारणतः याच्याच आसपास असतो. त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावर, विशेषतः स्वयंपाकघरातील दुसरा नळ उघडताच, ज्योत विझते. पाण्याच्या प्रवेशद्वाराशी असलेली जाळी गाळाने भरल्यासही हाच परिणाम होतो. मुंबईला पुरवले जाणारे तलावांचे पाणी मृदू असते. मात्र विंधनविहिरीचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत नळीत क्षारांचा थर बसतो आणि प्रवाह कमी होतो.

सेल: सेल क्षीण झाल्यास ठिणगीचा ‘टकटक’ आवाज मंदावतो किंवा थांबतो. कधी ठिणगी पडते पण झडप उघडी राहण्याइतका प्रवाह मिळत नाही. सेलच्या पेटीतील पट्ट्यांवर हिरवट गंज चढलेला असल्यास नवे सेलही उपयोगी पडत नाहीत.

तापमान व वेळेची मर्यादा: पाणी अतितप्त झाल्यास गिझर आपोआप बंद होतो. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरील टाकीचे पाणी मुळातच कोमट असते. अशा वेळी कळ हिवाळ्याच्या खुणेवर राहिली व नळ अर्धवट उघडला, तर ज्योत वारंवार विझते. कळ उन्हाळ्याच्या खुणेवर आणल्यास ही तक्रार दूर होते. काही गिझर सलग २० मिनिटांनंतर बंद व्हावेत अशीच त्यांची रचना असते. ही मर्यादा स्नान करणाऱ्याच्या रक्षणासाठी असल्याने ती दोष समजून लगेच गिझर पुन्हा लावणे योग्य नव्हे.

वारा व डक्ट: अनेक स्नानगृहांच्या खिडक्या इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये उघडतात. पावसाळी वाऱ्यात डक्टमधून उलटा झोत येऊन ज्योत विझते. धुराडे असलेल्या गिझरबरोबर त्याच खोलीत एक्झॉस्ट पंखा चालवल्यास, बाहेरची हवा आत येण्यास पुरेशी वाट नसताना, पंखा धुराड्यातील दूषित वायूच खोलीत ओढून घेतो. म्हणजे सुरक्षिततेसाठी लावलेला पंखा चुकीच्या जागी धोका वाढवतो.

प्राणवायूची घट: स्नानगृहाचे दार बंद असताना ज्योत विझते व उघडे असताना टिकते, हे सर्वांत गंभीर लक्षण होय. ते आढळल्यास उपकरणाची दुरुस्ती हा उपाय नसून उपकरणाची जागा बदलणे हा उपाय असतो.

बंद खोलीतील हवेचा हिशेब

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणाऱ्या गिझरला, उष्णतेचा काही अंश वाया जातो हे धरून, सुमारे १२ किलोवॅट शक्ती लागते. नैसर्गिक वायूवर ही शक्ती मिळवण्यासाठी तासाला सव्वा घनमीटरच्या आसपास वायू जळतो. मिथेनच्या एका घनमीटरच्या पूर्ण ज्वलनास जवळपास १० घनमीटर हवा लागते. म्हणजे असा गिझर तासाला सुमारे १२ घनमीटर हवा वापरतो. एलपीजीवरील गिझरलाही जवळपास तितकीच हवा लागते.

चार फूट रुंद, पाच फूट लांब व आठ फूट उंच अशा स्नानगृहात १६० घनफूट, म्हणजे सुमारे साडेचार घनमीटर हवा असते. बाहेरून हवा मुळीच येत नाही असे मानले, तर या खोलीतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येण्यास अंदाजे ३ मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात दाराखालची फट व खिडकीची झडप यांतून काही हवा येत असल्याने हा काळ लांबतो. परंतु साधे स्नानही १० ते १५ मिनिटांचे असते, हे ध्यानात घेता अंतर फार राहत नाही. थंडीत खिडकीला प्लास्टिक लावणे, दाराच्या फटीत पोते सरकवणे किंवा एकापाठोपाठ एक अशी घरातील सर्वांची स्नाने उरकणे यांमुळे धोका वाढत जातो.

हवा अपुरी पडली की निळी ज्योत पिवळी, लांब व आळसट दिसू लागते आणि पूर्ण ज्वलनातील कार्बन डायॉक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही निघू लागतो. प्राणवायू ओळखणारी व्यवस्था नसलेल्या गिझरची ज्योत अशा स्थितीतही तेवत राहू शकते. म्हणून ज्योत न विझणे हे सुरक्षिततेचे प्रमाण मानता येत नाही.

तपासणीचा क्रम

तपासणी सुरू करण्यापूर्वी वासाची खात्री करावी लागते. घरगुती वायूत गळती कळावी म्हणून उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. वास येत असल्यास दिव्याचे बटण चालू किंवा बंद न करता वायूची मुख्य कळ बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर जाऊन मदत मागवावी. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा देशव्यापी दूरध्वनी क्रमांक आहे.

वास नसल्यास पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. ज्योत केव्हा विझते याची नोंद करावी: कळ सोडताच, दुसरा नळ उघडल्यावर, ठराविक मिनिटांनी, वाऱ्याबरोबर की दार बंद असताना. बहुतेक वेळा या नोंदीतूनच कारणाचा गट कळतो.

२. खोलीची पाहणी करावी. हवा आत येण्याची व बाहेर जाण्याची कायम उघडी वाट आहे की नाही, भिंतीवर वा गिझरवर काजळी आहे का, आणि धुराड्याचे तोंड इमारतीबाहेर आहे की बंद डक्टमध्ये, हे पाहावे. येथे दोष आढळल्यास पुढील तपासणी थांबवून गिझर बंद ठेवावा.

३. शेगडीची ज्योत पाहून वायूचा दाब अजमावावा. सिलिंडर, रेग्युलेटर व नळी तपासावी. सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलावयाची असते.

४. सेल बदलून पाहावेत.

५. पाण्याचा प्रवाह पाहावा आणि पाणी बंद करून प्रवेशद्वाराची जाळी धुवावी.

६. इतके करूनही ज्योत विझत असल्यास थर्मोकपल, जेट, रबरी पडदा व झडपा यांची तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून करून घ्यावी.

ज्योत विझल्यावर ती लगेच पेटवू नये. साचलेला वायू निघून जाण्यासाठी वायू बंद करून निदान ५ मिनिटे थांबावे. एलपीजीच्या बाबतीत हा वायू मोरीच्या तळाशी व सांडपाण्याच्या जाळीपाशी रेंगाळतो.

टाळावयाचे उपाय

कळ खाली दाबलेली राहावी म्हणून तिला दोरी बांधणे किंवा पाचर मारणे, संवेदकाच्या तारा एकमेकींना जोडणे, वेळेची मर्यादा काढून टाकणे आणि ज्योतीला वारा लागू नये म्हणून खिडकी बुजवणे हे चार उपाय घरोघरी सुचवले जातात. या उपायांनी ज्योत टिकते, पण ती का विझत होती हे कळण्याचा मार्ग बंद होतो. त्यांपैकी पहिल्या दोहोंमुळे न जळालेला वायू घरात पसरू शकतो आणि उरलेल्या दोहोंमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो.

कायमचा उपाय म्हणजे गिझर स्नानगृहाबाहेर, उघड्या हवेच्या जागी, उदाहरणार्थ हवेशीर सज्जात बसवणे आणि केवळ गरम पाण्याची नळी आत नेणे. जागेअभावी हे शक्य नसल्यास बादली भरून घ्यावी, गिझर व वायू बंद करावा आणि त्यानंतरच दार लावून स्नान करावे. विजेवर चालणाऱ्या गिझरमध्ये ज्वलन होत नसल्याने हा धोका संभवत नाही. मात्र त्यास योग्य अर्थिंग आवश्यक असते.

विषबाधा व प्रथमोपचार

कार्बन मोनॉक्साइडला रंग, वास व चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने संयोग पावतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ व पायांतील बळ जाणे ही लक्षणे होत. पाय लुळे पडल्याने धोका कळूनही व्यक्तीला कडी काढता येत नाही. गॅस गिझर चालू असताना स्नानगृहात बेशुद्ध पडणे किंवा झटके येणे या प्रकारास भारतीय वैद्यकीय लेखनात ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नाव आहे. अशा रुग्णाचे निदान काही वेळा फेफरे किंवा हृदयविकार असे केले जाते. म्हणून स्नानगृहात गॅस गिझर चालू होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगणे आवश्यक असते.

बोटाला लावण्याचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही प्राणवायूयुक्त समजतो. त्यावरील ९८ किंवा ९९ हा आकडा अशा वेळी दिशाभूल करतो.

बाधित व्यक्तीस तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, वायू बंद करावा, श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वसन व हृदयदाबन सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. सोडवण्यास जाणाऱ्याने प्रथम दार-खिडकी उघडावी, अन्यथा तोही बाधित होतो. साध्या हवेत रक्तातील विषाचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ४ ते ५ तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ सुमारे सव्वा ते दीड तासावर येतो. त्यामुळे रुग्ण शुद्धीवर आला तरी रुग्णालयात नेणे टाळू नये.

मुंबईतील घटना

जानेवारी २०२० मध्ये बोरिवली येथे एक शाळकरी मुलगी स्नानगृहात बेशुद्धावस्थेत आढळली व काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. गॅस गिझरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड हे कारण असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मार्च २०२३ मध्ये धुळवडीच्या सुमारास घाटकोपर येथील एका सदनिकेच्या स्नानगृहात पती-पत्नी मृतावस्थेत आढळले. गॅस गिझरमुळे गुदमरून हे मृत्यू झाले असावेत, असा प्राथमिक संशय पोलिसांनी व्यक्त केला होता.

गिझर दुरुस्तीसाठी दिल्यावर स्नानगृहातील हवेची तपासणी त्यात समाविष्ट असतेच असे नाही. कार्बन मोनॉक्साइड ओळखून गजर करणारी लहान यंत्रे उपलब्ध आहेत. अनेक थंड देशांत घरात असे यंत्र असणे कायद्याने बंधनकारक आहे. गॅस गिझर वापरणाऱ्या घरात असे यंत्र स्नानगृहाजवळ बसवणे उपयुक्त ठरते. मात्र ते हवेच्या कायम उघड्या वाटेला पर्याय ठरत नाही.